एकतर्फी

टाकी भरली की वाजणारा बझर बाजारात तयार मिळतो. पण पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात मी बझर मागितला नाही, कॉपर क्लॅड मागितला. सर्किटचा बोर्ड घरीच करायची 1.6 मिलिमीटर जाडीची पाटी, तिच्या अंगावर 35 मायक्रॉनचं तांबं. "सिंगल साइड की डबल?" दुकानदाराने विचारलं. पुणेरी माणूस दुसऱ्या बाजूचे पैसे कशाला देईल? "सिंगल," मी बाणेदारपणे म्हणालो.

एकतर्फी बोर्डाची खोड अशी, की तांब्याच्या दोन वाटा एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. तीन घरांना पाणी, गॅस आणि वीज द्या, पण रेघ रेघेला छेदता कामा नये, असं कोडं घालून लहानपणी मोठी माणसं दुपारी निवांत झोपायची. कागदावर ते सुटूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध केलंय. आम्हाला कोणी सांगितलं नाही. माझ्या सर्किटात 555 हा आठ पायांचा आयसी, एक ट्रान्झिस्टर आणि मूठभर किरकोळ मंडळी. 555 चे 2 आणि 6 नंबरचे पाय जोडायचे, 4 आणि 8 सुद्धा. दोन्ही वाटा आयसीच्या पोटाखालून न्याव्यात तर हमखास धडकतात. एक बाहेरून वळवली तर ती बॅटरीच्या वाटेत आडवी. तीन रात्रींनी शरण जाऊन जंपर टाकला. जंपर म्हणजे वरच्या अंगाने टाकलेली तार, थोडक्यात उड्डाणपूल. तो उतरला तिथे नवी कोंडी झाली, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

मग छपाई. दिवाळी अंकाचा गुळगुळीत कागद घ्यायचा, त्यावर सर्किटची लेझर प्रिंट काढायची, ती तांब्यावर पालथी घालून इस्त्री फिरवायची. टोनर वितळून तांब्याला चिकटतो. सराफाच्या जाहिरातीचं पान माझ्या हातात पाहून झेरॉक्सवाल्याने दोनदा विचारलं, "याच्यावरच?" पॉल आयस्लर नावाच्या व्हिएन्नाच्या इंजिनियरने 1936 च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटाचा रेडिओ बनवला, त्याला निदान बायकोची इस्त्री चोरून आणावी लागली नसावी.

टोनरखालचं तांबं राहतं, उघडं तांबं फेरिक क्लोराइड खातं. ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओतलं, कारण प्लास्टिकला ते काही करत नाही. स्टीलला करतं. हे मला ठाऊक होतं, तरी ढवळायला हाताशी चमचाच आला. चमचा खरबरीत झाला आणि ओट्यावर पिवळट तपकिरी थेंब पडला. "हळद आहे," मी म्हणालो. "अहो, हळद उन्हात उडते," ही म्हणाली. तो डाग दोन उन्हाळे पाहून बसलाय.

भोकं पाडताना 0.8 मिलिमीटरची दोन ड्रिल बिटं मोडली. ते सोडा. खरा घोटाळा आयसी बसवताना कळला. सर्किट आखायचं सॉफ्टवेअर बोर्डाकडे वरून बघतं, तांबं असतं खाली. पण प्रिंट पालथी घातली की आपोआप उलटते आणि हिशेब जुळतो. मी हुशारीने आधीच आरशातली प्रतिमा काढली होती. म्हणजे उलट्याचं सुलटं, सुलट्याचं पुन्हा उलटं. रेझिस्टरला फरक पडत नाही. ट्रान्झिस्टरने पाठ फिरवली की त्याचंही भागतं. 555 मात्र कसाही फिरवा, जुळत नाही. शेवटी तो खालच्या, तांब्याच्या बाजूनेच डकवला, वटवाघळासारखा लटकतोय. दोन तारा पेल्यातल्या पाण्यात बुडवल्या आणि बझर असा किंचाळला, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅस बंद केला.

सोमवारी ऑफिसात दुपारी शिपायाने माझ्या पाठीकडे बघत विचारलं, "साहेब, घडणावळ खरंच माफ का?" दिवाळी अंकाची शाई इस्त्रीला उलटी चिकटली होती आणि इस्त्रीवरून पांढऱ्या शर्टावर, एकही अक्षर न चुकता, सुलटी उमटली होती.