दुबईत खसखस पिकत नाही

चितेगावच्या कंपन्यांत वेल्डिंगवर हात बसलेला एखादा पोरगा दुबईला निघाला, की पैठण रोडला आधी फ्लेक्स लागतो. परदेशगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा! पोराचा फोटो बोटभर, शुभेच्छुकांचे हातभर. मग क्रूझर ठरते, समृद्धीवरून मुंबईला सोडायला. जाणारा एक, सोडणारे नऊ. एजंटचा दर, दिरहमचा भाव, ओव्हरटाइम किती, कुठल्या कॅम्पात आपल्याकडचं कोण आहे, हे नऊही जणांना तोंडपाठ. तिथला कायदा काय म्हणतो, असं विचारून बघा. नऊही जण एका सुरात सांगतील, "तिथं लई कडक हाय."

कडक कशाला, किती, कुणाला, याची चौकशी नाही. चहाबद्दलही आपण एवढंच सांगतो.

पोराची आई मात्र कामाला लागलेली असते. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, दिवाळी जवळ आली असेल तर अनारसे. अनारसा खसखशीवर थापायचा, हे त्या माउलीला तिच्या सासूने शिकवलंय. पण अमिरातीत खसखस बंदीच्या मालात मोडते, हे तिला कोण शिकवणार? शेवटी अफूच्याच बोंडातलं बी ते. आपल्याकडे किराण्यात मिळतं, तिकडे त्यावरून अमली पदार्थांचा गुन्हा लागतो. २००८ मध्ये बातमी आली होती. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पाव खाऊन दुबईला गेलेल्या एका स्विस माणसाच्या कपड्यांवर खसखशीचे तीन दाणे सापडले आणि त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. तीन दाणे! आपल्या एका डब्यातल्या अनारशांवरचे दाणे मोजता मोजता तिथला हवालदार रिटायर होईल.

गोळ्यांचं तेच. पाठदुखीवरची ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, झोपेची गोळी. मेडिकलवाला ओळखीचा असला की आपल्याकडे चिठ्ठीचं काम पडत नाही. अमिरातीत असल्या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी तर लागतेच, वर तिथल्या सरकारची आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. तिथे मेडिकलवाल्याची ओळख सांगून बघा.

पण खसखस आणि गोळ्या यादी वाचून टाळता येतात. ज्याची यादी नाही, तो खरा माल वेगळाच. निघायच्या आदल्या रात्री मावशी येते. "लई काही नाही रे दादा, एवढीशी पुडी हाय. आपल्याच माणसाला द्यायची, तो घ्यायला येईल एअरपोर्टवर." आता मावशीला "उघडून दाखव" म्हणायची कुणाची छाती आहे? म्हणालात, तर पुढच्या लग्नाची पत्रिका येणार नाही.

जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नात्यातल्याच बाईने भेट दिलेल्या सहलीवर कतारला गेलं. दोहाच्या विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोंवर चरस निघाला. तोही तिनेच ओळखीच्या माणसासाठी म्हणून दिलेल्या पुडक्यात. शिक्षा दहा वर्षं. बायको गरोदर होती, तुरुंगातच बाळंत झाली. आपल्या नार्कोटिक्स ब्युरोने इथून तपास करून डाव उघडा पाडला, म्हणून २०२१ मध्ये ती दोघं लेकरू घेऊन सुटून आली. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्याच एका अभिनेत्रीला ऑडिशनच्या नावाखाली शारजाला पाठवलं आणि तिच्या हातात एक ट्रॉफी दिली. ट्रॉफीच्या पोटात अमली पदार्थ. तिलाही तुरुंग पाहावा लागला. भीड भिकेची बहीण, असं आपले जुने लोक म्हणत. ते आखातात गेले नव्हते, नाहीतर त्यांनी नातं आणखी जवळचं सांगितलं असतं.

तसं शिकवणारे नाहीत असं नाही. हजला जाणाऱ्यांची निघण्याआधी प्रशिक्षण शिबिरं होतात, बॅगेत गुटखा नको, खसखस नको, हे तिथे सांगतात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टला ईसीआरचा शेरा लागतो. आखातात कामाला जायचं तर त्याला सरकारची मंजुरी लागते आणि परराष्ट्र खात्याचं प्रशिक्षणही आहे. म्हणजे दहावी नापासाला कायदा सांगायची सोय झाली. ग्रॅज्युएटला तो जन्मतःच कळतो, असं सरकारने धरलेलं दिसतं.

ग्रॅज्युएट काय करतात? टूरच्या मीटिंगला जातात आणि तिथे "जैन जेवण मिळेल का" यावर पाऊण तास घालवतात. पुढे ऑस्ट्रेलियात उतरल्यावर हातात कार्ड येतं. खायचे पदार्थ, बिया, फुलं, झाडपाला काही आहे का? सगळीकडे "नाही"वर खूण करून मोकळे, बॅगेत आंब्याचं लोणचं. २०२५ मध्ये मल्याळी अभिनेत्री नव्या नायर यांना मेलबर्न विमानतळावर मोगऱ्याच्या गजऱ्यापायी १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, म्हणजे आपले लाखावर रुपये. वीतभर गजरा. आधीच सांगितलं असतं, तर फार तर गजरा कचऱ्यात गेला असता. आपल्याला मात्र साहेबाला खरं सांगायचं म्हटलं की कसंतरीच होतं.

पोचल्यावरही धोका टळत नाही. दहा मराठी टाळकी जमली की पहिला विषय वर्गणी. अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा आहे, व्हॉट्सॲपवर आवाहन केलं तरी. त्याच व्हॉट्सॲपवर शिवी दिली तरी खटला उभा राहतो. आता आमच्या मराठवाड्यात शिवीशिवाय मित्राला हाक पोचत नाही, त्याला काय करावं?

अडकलं की पहिला फोन गावाकडे. गावाकडून आमदाराच्या पीएला. "एंबसीत आपलं कुणी हाय का?" वकिलातीचा माणूस अटकेतल्याला भेटू शकतो, वकील मिळवून द्यायला मदत करू शकतो, घरी निरोप देऊ शकतो. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने त्याला तेवढा हक्क दिलाय. तुमच्या नावाने ठाण्यात फोन लावून "आपलाच माणूस आहे, सोडा त्याला" म्हणायची सोय त्या करारात ठेवायची राहून गेली.

उलट्या बाजूने येणारेही आपटतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईला पोलिसांनी धरलं. डोंगरात हरवलं तर उपयोगी पडावं म्हणून तिने उपग्रहावर चालणारं छोटं यंत्र जवळ ठेवलं होतं. परवानगीशिवाय असलं यंत्र बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. गोव्यात उतरणाऱ्या किती पाहुण्यांना हे ठाऊक असेल? गोव्यात राहणाऱ्यांनाही नसेल.

आणि आपलं काय? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, हे वाक्य आपल्याकडे टपरीवर पुडी फाडता फाडता म्हणतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने इथे विदेशी दारू प्यायलाही परवाना लागतो, एका दिवसाचा ५ रुपयांत मिळतो. आता समजा, वेरूळ बघून आलेला एखादा जर्मन, इथले कायदे रीतसर वाचून आलेला, आपल्याकडच्या एखाद्या बारमध्ये बसला आणि ग्लासाला हात लावण्याआधी म्हणाला, "माझा परवाना करून द्या." वेटर घाबरून मालकाला बोलावील. मालक गल्ला सोडून, हात जोडत येईल आणि हळूच विचारील, "साहेब, ह्या महिन्याचा हप्ता तर पोचलाय की हो?"