घमेल्यातला पाऊस

शाळेच्या पुस्तकातलं जलचक्र नेमकं कुठल्या गावचं, हे मला आजवर कळलेलं नाही. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, डोंगरावरून थेट समुद्रात उडी घेणारी नदी आणि जिकडेतिकडे बाण. आमच्या नवापूरला समुद्र मुबलक, पण डोंगर पाहायचे तर बोईसरच्या पलीकडे नजर टाकावी लागते. आणि सूर्य आमच्याकडे समुद्रात रोज संध्याकाळी बुडतो, त्यामुळे चित्रात तो कुठे काढायचा यावरूनच वाद.

मे महिन्यात भाची ठाण्याहून आली ती ‘बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य’ असं एका दमात म्हणतच. सुट्टीतला उपक्रम होता: घरच्या घरी जलचक्र. भांड्यात खारं पाणी घ्यायचं, मधोमध रिकामी वाटी ठेवायची, वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बांधायचं आणि वाटीच्या बरोबर डोक्यावर एक खडा ठेवायचा. उन्हाने वाफ होणार, ती प्लॅस्टिकला आतून लागून तिचे थेंब होणार, थेंब उताराने खड्याखाली येणार आणि वाटीत टपकणार. ऐकायला सोपं.

भांड्यापासूनच अडलं. “माझी पितळेची परात खाऱ्या पाण्याला मिळायची नाही,” आईने जाहीर केलं. मग माळ्याच्या बांधकामातून उरलेलं घमेलं निघालं, त्याचं सिमेंट खरवडण्यात सकाळ गेली. समुद्राचं पाणी ओतलं, तर वाटी तरंगत कडेला जाऊन बसली. होड्यांचं घर, सल्ल्यांना काय तोटा! कुणी दोर सुचवला, कुणी पाणी कमी करा म्हणालं. अखेर वाटीच्या पोटात गोटा घालून नांगर टाकला. वह्यांना कव्हरं घालायचं प्लॅस्टिक वरून बांधलं आणि घमेलं ओट्यावरच्या उन्हात गेलं.

तासाभरात प्लॅस्टिक आतून पांढुरकं झालं. जवळून पाहिलं तर मोहरीहून बारीक थेंब. एक थेंब शेजारच्याला गिळून फुगायचा, जागचा हलायचा, मध्येच थबकायचा, आणि भाची श्वास रोखून “पड ना, पड!” करायची. तेवढ्यात मांजराने खड्यावर पंजा मारला आणि नवापुरात मेमध्येच ढगफुटी झाली.

पुन्हा बांधाबांध होईपर्यंत मी तिला एडमंड हॅलेची गोष्ट सांगितली. तोच, धूमकेतूवाला. १६८७ साली त्याने समुद्राइतकं खारट केलेलं पाणी एका कढईवजा भांड्यात घेतलं, ते तराजूला टांगलं आणि खाली निखारे धरून त्याला उन्हाळ्याइतकी ऊब दिली. वाफ डोळ्यांना दिसतही नव्हती, तरी दोन तासांत वजन जेमतेम अर्धा औंस घटलं. त्यावरून गडी हिशोबाला बसला आणि भूमध्य समुद्रातून उन्हाळ्याच्या एका दिवसात ५२८ कोटी टन पाणी उडत असेल, इथवर पोचला. भाचीने विचारलं, “त्याच्याकडे मांजर नव्हतं?”

शेजारच्या काकांची उभी नोकरी तारापूरच्या अणुवीज केंद्रात झालेली. १९६९ साली सुरू झालेल्या तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या म्हणजे पाणी उकळणाऱ्याच. अणूच्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची, तिने टर्बाइन फिरवायचं, मग समुद्राच्या पाण्याने ती वाफ थंड करून पुन्हा पाणी, पुन्हा भट्टी. घमेल्याकडे पाहून काका म्हणाले, “आमच्याकडे हेच होतं. फक्त मांजराला पास मिळत नसे.”

आई हे सगळं बांबूंवर बोंबील टांगता टांगता ऐकत होती. जूनला मासेमारीची बंदी लागायच्या आत तिला बेगमी करायची होती. ताज्या बोंबलाच्या शंभर ग्रॅमांत ऐंशीहून जास्त पाणीच असतं. तोंडात तोंड अडकवून टांगलेली ती लुसलुशीत जोडी ऊनवाऱ्याने काही दिवसांत कडकडीत होते. “आमचं बाष्पीभवन कधीच सुरू आहे,” ती म्हणाली, “तुमचं झालं की सांगा.”

भाचीने मग स्वतःच्या डोक्याने एका डब्यात नीळ कालवली आणि त्यावरही प्लॅस्टिक बांधलं. संध्याकाळी आतल्या वाटीत पाणी आलं ते स्वच्छ. निळा रंग खालीच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेही असेच मागे राहतात, असं मी म्हणालो.

ती समुद्राकडे पाहत राहिली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नळातून आमच्याच किनाऱ्यापाशी समुद्रात जातं, त्यावरून मच्छीमार मांगेला समाजाने राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावलं, हे तिने घरात ऐकलेलं. “मग नळातून येतं ते?”

काही द्रव पाण्याबरोबर हवेत उडतात, पण धातूंसारख्या गोष्टी मागेच राहतात, असं मी सांगितलं. “म्हणजे पाऊस सुटतो आणि मासे अडकतात,” ती म्हणाली. काकांनी घसा खाकरला. पुस्तकातल्या चित्रात यासाठी बाण नाही.

चव पाहायची वेळ आली तेव्हा घमेल्यातली वाटी या हातातून त्या हातात फार अदबीने फिरली. “आधी तुम्ही”, “छे छे, पाहुण्यांना द्या.” काकांना पथ्य आठवलं. आईचा उपास निघाला, आणि मंगळवार होता. उरला मामा. मी चमचाभर पाणी तोंडात घेतलं. भाची पेन्सिल सरसावून बसली होती.

निरीक्षणाच्या रकान्यात आता लिहिलं आहे: ‘पाऊस: एक चमचा. मीठ: नाही. चव: वहीच्या कव्हराची. मामा: अजून ठीक आहे.’