दुसरा स्रोत नसल्यास
जबलपुरात बावन्न ताल, म्हणजे तळी, होती म्हणतात. आता त्यातली बरीचशी पत्ता सांगण्यापुरती उरलीत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, मात्र मोठं समंजस. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतील. दुसरा स्रोत नसेल तर २०००. गढूळपणा १ एनटीयू. स्रोत नसेल तर ५. सोय नसली की पोट आपोआप दणकट होतं! सवलत नाही ती ई. कोलाय या जिवाणूला: १०० मिलिलिटरात एकही नको. त्याचा वशिला कमी पडला असावा. बरं, बाटलीबंद पाण्याला परवाना लागतो; नळाला हे मानक सक्तीचंही नाही.

जबलपुरातल्याच ग्वारीघाटाजवळच्या आमच्या मावशींनी नळाला पांढरं फडकं बांधलंय. आठवड्यात तपकिरी होतं. पाहुण्याला पेला देताना त्या म्हणतात, "घ्या, नर्मदामैयाचं आहे." मग हळूच, "उकळलंय हो."