ऐकवणारा

संगीताच्या प्रांतात गाणारे, वाजवणारे, शिकवणारे आणि ऐकणारे असे चार वर्ग सर्वमान्य आहेत. पाचवा वर्ग ऐकवणाऱ्यांचा. त्याची नोंद संगीतशास्त्राच्या ग्रंथांत सापडत नाही. पण पुणे, दादर, पार्ले, मिरज, कोल्हापूर किंवा फोंडा अशा कुठल्याही गावी जुन्या ओळखीच्या घरी चहाला गेलेल्या माणसाला तो भेटल्याशिवाय राहत नाही. ऐकवणारा स्वतः गात नाही. लहानपणी वर्षभर पेटी शिकल्याचा उल्लेख तो करतो, पण पुढे आग्रह होऊ देत नाही. त्याला कान आहे आणि तो अस्सल आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पुढचा मजकूर त्याच्या तोंडाविषयी आहे.

इतर लोक भेटल्यावर "काय म्हणताय?" असे विचारतात, ऐकवणारा "सध्या काय ऐकताय?" असे विचारतो. हा प्रश्न उत्तर मिळावे म्हणून विचारलेला नसतो. समोरच्याने "विशेष काही नाही" म्हटले तर मार्ग मोकळा होतो. एखाद्या अननुभवी माणसाने भीमसेन जोशींचे नाव घेतलेच, तर "हो हो, चांगलंच आहे. पण अण्णांचं साठच्या दशकातलं ऐकलंय का तुम्ही?" असा प्रतिप्रश्न येतो. समोरच्याने साठच्या दशकातलेच ऐकलेले निघाले, तर त्याआधीचे काढले जाते. कलावंताचा खरा बहर समोरच्याजवळच्या ध्वनिमुद्रणाच्या आधी पाच-सात वर्षे येऊन गेलेला असतो, असा या वर्गाचा सिद्धांत आहे.

त्याचे स्वतःचे उत्तर तयार असते. "सध्या फक्त बिहागडा ऐकतोय." यातला 'फक्त' महत्त्वाचा. यमन, भूप, मालकंस ऐकणे मान्य असले, तरी ते बोलून दाखवण्याजोगे मानले जात नाही. बोलून दाखवायचे ते खोकर, खट, सावनी, बसंती केदार. जयपूर-अत्रौली घराण्याने, आणि त्यातही धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांनी, अनवट रागांचे जे भांडार जागते ठेवले त्याने गायनाचे भले केलेच; ऐकवणाऱ्यांच्या संभाषणाचे तर कोटकल्याण केले. पुढे वयाच्या साठीनंतर तो एकाएकी यमनावर परत येतो. "शेवटी सगळं यमनातच आहे हो" हे वाक्य कानावर आले की त्याची निवृत्तीची कागदपत्रे मार्गी लागली असे समजावे.

काय ऐकतो याला एक वाक्य पुरते. का ऐकतो याला संध्याकाळ लागते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे गाणे मावत असे. या तीन मिनिटांची प्रस्तावना अर्ध्या तासाच्या आत उरकल्याचे उदाहरण नाही. ती १९०२ पासून, म्हणजे कलकत्त्यात गौहरजान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले तिथपासून सुरू होते. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव का सांगतात, तर तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जात आणि तिथल्या माणसांना कोण गाते आहे ते कळायला हवे, हा खुलासा ठरलेला असतो. मग १९२५ च्या सुमारास कर्णा जाऊन मायक्रोफोन येतो. मग वेगाचा प्रश्न निघतो: सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तरच्या वेगानेच मुद्रित होत असे नाही, त्यामुळे आज सरसकट त्या वेगाने वाजवल्या तर आवाज खऱ्या पट्टीत ऐकू येईलच याची खात्री नाही. हे सगळे खरे आहे. गाणे मात्र अजून लागलेले नसते.

कलावंतांशी त्याचे नाते घरगुती असते. भीमसेन जोशी हे अण्णा, किशोरी आमोणकर या ताई, मोगूबाई कुर्डीकर या माई. कुमार गंधर्वांच्या बाबतीत पायऱ्या आहेत. नवखा 'पंडित कुमार गंधर्व' म्हणतो, रुळलेला 'कुमारजी' म्हणतो, आणि ज्याने एकदा देवासला जाऊन त्यांच्या घराचे फाटक पाहिले आहे तो नुसते 'कुमार' म्हणतो. खाँसाहेबांचे नाव घेताना उजवा हात कानाच्या पाळीकडे जातो. हा रिवाज शिष्याने गुरूसाठी पाळायचा. ऐकवणाऱ्याने तो सर्वांसाठी पाळून औदार्य दाखवले आहे.

वेळेच्या बाबतीत तो कडक असतो. सकाळचा राग संध्याकाळी लावलेला त्याला खपत नाही. या कडकपणाची कसोटी उस्ताद अमीर खाँ यांच्या गाजलेल्या दीर्घ तबकडीने पाहिली. तिच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा मावळतीचा, दरबारी उत्तररात्रीचा. तबकडी उलटायला दोन क्षण लागतात, पण शास्त्र पाळायचे तर मध्ये जेवण, शतपावली आणि एक झोप घ्यावी लागते. निष्ठावंत ऐकवणारे पाहुण्याला मारवा ऐकवून "दरबारीला थांबताय ना?" असे विचारतात. पाहुण्यांना शेवटची बस आठवते ती अशा वेळी.

प्रत्यक्ष ऐकवण्याच्या बैठकीचे नियम लिहिलेले नाहीत, पण घरोघरी सारखेच आढळतात. पाहुण्याला ध्वनिवर्धकांसमोर बसवले जाते, असे त्याला वाटते. खरे पाहता यजमानाला त्याचा चेहरा नीट दिसेल अशा जागी बसवलेले असते. ऐकवणाऱ्याने ते गाणे शेकडो वेळा ऐकलेले असते. आज त्याला पाहुण्याचा चेहरा ऐकायचा असतो. गंधार लागला की तो पाहुण्याच्या भुवयांकडे पाहतो, समेला त्याच्या मानेकडे. भुवया जागच्या हलल्या नाहीत तर गाणे थांबवून मागे घेतले जाते. "परत ऐका. तुमचं लक्ष नव्हतं." वीस मिनिटांचा ख्याल या पद्धतीने तासभर चालतो आणि तरीही द्रुतपर्यंत पोचत नाही.

पाहुण्याची खरी पंचाईत दाद देण्यात आहे. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालते. एवढ्या वेळात सम नेमकी कुठे आहे याचा माणसाला विसर पडू शकतो. समेआधी 'वा' गेली तर यजमानाचा चेहरा उतरतो. समेनंतर फार उशिरा गेली तर ती सौजन्याची ठरते. अनुभवी पाहुणे म्हणून डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून नुसते 'च्च' करतात. ते कुठेही चालते. यजमान स्वतः मात्र अखंड बोलत असतो. "आता येईल बघा... अजून नाही... आता... ही! ही आली!" ज्या जागेसाठी हा सगळा खटाटोप, ती जागा 'ही आली'च्या खाली गेलेली असते. पाहुण्याने त्यावर काही विचारायला तोंड उघडले, तर तळहात वर करून त्याला गप्प केले जाते.

अशा घरांत खाण्याचेही शास्त्र तयार झालेले असते आणि ते स्वयंपाकघराने स्वकष्टाने मिळवलेले असते. आलापीच्या वेळी चिवडा बाहेर येत नाही. शिरा येतो, कारण त्याचा आवाज होत नाही. चिवडा, चकली, पापड हे तराण्यासाठी राखून ठेवलेले असतात. कपबशी समेवर ठेवण्याची कला काही गृहिणींनी साधली आहे. "अहो, पोळ्या गार होतायत" ही सूचनासुद्धा दोन आवर्तनांच्या मध्ये, सुराला धक्का न लावता दिली जाते. या घरांत खरा लयदार माणूस कोण, हा प्रश्न म्हणूनच उघडा ठेवावा लागतो.

ऐकवणाऱ्याचे खरे वैभव बाजारात मिळणारे ध्वनिमुद्रण नव्हे. ते कुणीही विकत घेऊ शकतो. त्याचा मान खासगी बैठकीच्या ध्वनिमुद्रणावर असतो: कुणाच्या तरी वाड्यात, कुणाच्या तरी मुंजीनंतर झालेली मैफल, आधी स्पूलवर, मग कॅसेटवर, मग त्या कॅसेटच्या कॅसेटवर उतरलेली. प्रत जितकी खराब तितकी किंमत जास्त. पावसासारखी खरखर, तिच्यामागे तंबोरा, त्यामागे बहुधा गायक. या खरखरीतून तो माणसे ओळखून दाखवतो. हा खोकला वकीलसाहेबांचा, 'क्या बात है' म्हणणारे डॉक्टर, आणि कपबशी वाजली ती वहिनींची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मिळतात. ती संपून बाजू उलटेपर्यंतचे गाणे कायमचे गेलेले असते. त्या बैठकीतली सर्वोत्तम तान हमखास त्याच खिंडीत पडलेली असते. हे ध्वनिमुद्रण "कुणाला देऊ नका, फक्त तुम्हाला म्हणून" या अटीवर मिळते. हीच अट घालून ते पुढे दिले जात असल्याने गावातल्या सर्व ऐकवणाऱ्यांकडे ते असते. कॅसेटच्या पाठीवरची खुंटी मोडून टाकली की तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. ज्यांना ही युक्ती वेळेत कळली नाही, त्यांच्या तोडीत मध्येच क्रिकेटचे समालोचन सुरू होते आणि भाच्याचे नाव वर्षानुवर्षे काढले जाते.

याही वर एक पायरी आहे. उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, तबकड्यांचा धंदा त्यांच्या डोळ्यांदेखत भरभराटीला आला, पण त्यांनी ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचाही आवाज मागे राहिलेला नाही. सर्वोच्च श्रेणीचा ऐकवणारा या दोघांच्या गायकीवर बोलतो. तो स्वतः त्यांच्या निधनानंतर जन्मलेला असतो, पण त्याच्या आजोबांनी ऐकलेले असते. कुणी ध्वनिमुद्रण काढून पडताळू शकत नाही, त्यामुळे या चर्चेत मतभेद फार तीव्र होतात.

केसरबाई केरकर यांचा विषय निघाला की अंतराळ येतेच. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून पृथ्वीबाहेर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. पहिले व्हॉयेजर २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले. ऐकवणाऱ्याला याचा अभिमान आहे, पण समाधान नाही. एकदम भैरवीच का पाठवली, ती तर शेवटी गातात. त्या लोकांना वाटेल, मैफल संपली. शिवाय तिथे समजावून सांगायला कोणी नाही, हे त्याला खुपते.

शास्त्रीय शाखेपासून फुटलेली एक पोटजात जुन्या हिंदी चित्रपटगीतांची आहे. तिची लक्षणे थोडक्यात अशी: गाणे लावायचे आणि गाण्याकडे लक्ष देऊ नका म्हणून सांगायचे. "मागचं व्हायोलिन ऐका, मुखडा-अंतऱ्याच्या मधलं." सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट या मुळच्या गोव्याच्या वादक-संयोजकांची नावे तोंडपाठ असणे ही या शाखेची प्रवेशपरीक्षा. गोव्याच्या मंडळींचे श्रेय पडद्याने दिले नाही, ते या लोकांनी दिले, एवढे मान्य करायला हवे. सज्जाद हुसेन यांनी मोजक्याच चित्रपटांना संगीत दिले, म्हणून या शाखेत त्यांचे नाव सर्वांत जास्त निघते.

ऐकवणाऱ्याचा हंगाम डिसेंबरात. गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ पासून सुरू केलेल्या पुण्याच्या महोत्सवात तो भारतीय बैठकीवर शाल, उशी आणि थर्मास घेऊन दाखल होतो. व्यासपीठावर गाणे चालू असताना तो शेजाऱ्याला याच गायकाचे याहून चांगले झालेले गाणे सांगतो. पूर्वी हा महोत्सव रमणबागेत रात्र रात्र चाले. पुढे रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकांवर निर्बंध आले. दरबारी, अडाण्यासारख्या रागांची त्याने अडचण झाली. ऐकवणाऱ्याची सोय झाली, कारण रमणबागेतल्या पहाटेची तोडी ज्यांनी ऐकली नाही अशी एक अख्खी पिढी त्याला ऐकवायला मिळाली.

दोन ऐकवणारे एकत्र आले तर काय होते, याचे निरीक्षण फार थोड्यांना करता आले आहे. दोघेही आपापली गोष्ट लावतात, दोघेही दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतात, आणि दोघांचेही चेहरे आपली पाळी केव्हा येते याच विचारात असल्याने कोऱ्या पाटीसारखे असतात. अशा बैठकी लवकर संपतात आणि मैत्री मात्र जन्मभर टिकते.

या वर्गाचा आपल्या बाजूने एक मोठा पुरावा आहे आणि तो संधी मिळताच पुढे केला जातो. लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानी पडली आणि भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घर सोडून गेले. एका तबकडीचे सामर्थ्य एवढे. ऐकवणाऱ्यांच्या घरांतूनही मुले गेलेली आहेत. ती बहुतेक बंगळूरला आणि न्यू जर्सीला आहेत, आणि दर रविवारी फोनवर "बाबा, ऐकलं, छान आहे" असे सांगतात. बाबा विचारतात, "अकराव्या मिनिटाला काय झालं?" तिकडून थोडा वेळ काही ऐकू येत नाही, मग जाळे नीट नसल्याचे कळते.

नव्या पिढीतला ऐकवणारा कानात घालायची बोंडे वापरतो. बसमध्ये, कचेरीच्या जिन्यात किंवा चहाच्या टपरीवर तो एक बोंड आपल्या कानात ठेवून दुसरे समोरच्याला देतो आणि चेहऱ्याकडे पाहू लागतो. १९५०च्या दशकातले गाणे असेल तर अडचण येत नाही, कारण ते मुद्रण एकपदरी असल्याने दोन्ही कानांत सारखेच येते. अलीकडचे स्टिरिओ मुद्रण असले, तर गायक एकाच्या वाट्याला जास्त येतो आणि तबला दुसऱ्याच्या. कुणाला काय द्यायचे हे बोंडे ज्याची असतील तो ठरवतो.