अश्वाध्यक्षांची कैफियत

(रंगमंचावर एक खुर्ची. खुर्चीवर लगाम, खुर्चीखाली कोंबड्यांचे डालगे. कलाकार कोट-टोपीत प्रवेश करतो आणि प्रथम लगामाला, मग प्रेक्षकांना नमस्कार करतो.)

रसिकहो, घोड्याची निगा, कुत्र्याचे इमान आणि कोंबडीचे अंडे या त्रिविध विषयांवर आजवर ज्या ज्या सद्गृहस्थांनी मला उपदेश केला, त्यांच्या घरी चौकशीअंती फार तर एक पोपट निघाला, आणि तोही शेजाऱ्याचा. मी मात्र आपल्यापुढे अधिकाराने उभा आहे. कारण पुणे सोडून नोकरीनिमित्त म्हैसूरला गेलो असता लष्कर मोहल्ल्यातील मामांच्या घरी मी अश्वाध्यक्ष या हुद्द्यावर होतो. बिनपगारी.

मामा हे सरकारी कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, लेखी आधाराशिवाय शिंकदेखील बाहेर न पडू देणारे, तीन पिढ्या म्हैसुरात मुरलेले, तोंडात मराठी आणि पोटात सार असलेले गृहस्थ. आता, तंजावरकडच्या एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिलेल्या पोथीत शामशास्त्र्यांना १९०५ साली कौटिल्याचे अर्थशास्त्र गवसले, १९०९ साली ते छापून निघाले, आणि जगभरच्या विद्वानांनी त्यातून राजनीती उचलली. आमच्या मामांनी तबेला उचलला!

होय, त्या ग्रंथात अश्वाध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अश्वशाळेची रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट असावी, असे त्यात वाचून मामांनी टांग्याचा घोडा सुतळीने मोजला, आणि दुप्पट रुंदी माझ्या खोलीच्या खिडकीपर्यंत पोहोचते असे निष्पन्न होताच मधली भिंत काढण्याचा हुकूम सोडला.

"मामा, मग मी झोपू कुठं?"

(मामांच्या आवाजात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर) "अध्यक्षानं घोड्याजवळच झोपायचं. लेखी आहे की!"

लेखी नव्हते. मी नंतर पाहिले. पण तोवर भिंत गेली होती.

घोड्याचे नाव मामांनी उच्चैःश्रवा ठेवले होते. मोहल्ल्याने ते हुच्चप्पा, म्हणजे कानडीत वेडोबा, केले, आणि घोडा दुसऱ्याच हाकेला ओ देई. पहाटे उठून त्याला खरारा करावा, चारी खूर एकेक करून मांडीवर घ्यावेत, खुराच्या मधल्या मऊ भागात रुतलेला खडा बोथट आकडीने हलकेच काढावा, महिना-दीड महिना झाला की नालबंदाचा तगादा ऐकावा, आणि भिजवलेली हुरळी, म्हणजे कुळीथ, चंदी म्हणून पुढे ठेवावी, असा माझा जाबता. तीच हुरळी मला दुपारी सारात भेटे. एकाच कोठीतून दोघांना शिधा मिळे, फरक इतकाच की घोड्याने मान फिरवली तर घरभर चिंता पसरे, मी फिरवली तर मामी म्हणत, "पुण्याची जीभ!"

पण ग्रंथातले प्रमाण याहून भारी. उत्तम घोड्याला ५ पळे मीठ, ५० पळे मांस, आणि वर पेय म्हणून १ प्रस्थ सुरा, किंवा तिच्या दुप्पट दूध. मांस आणि सुरा या दोन बाबी मामींनी सोवळ्यातूनच नामंजूर केल्या. राहिले दुप्पट दूध. ते कोठून आले? (विराम) मंडळी, म्हैसुरात राहून मी काळी कॉफी प्यालो आहे. तिथल्या फौजदारी कायद्यात याहून लहान शिक्षा आहेत.

आणि आता ऐका. कौटिल्य सांगतो की अश्वशाळेत वानर, मयूर, चितळ, मुंगूस, चकोर, पोपट आणि मैना यांचा वावर असावा. मामांनी तत्काळ सात जागांचा आकृतिबंध तयार केला.

"मामा, लष्कर मोहल्ल्यात मोर?"

"पद मंजूर आहे. रिकामं ठेवता येत नाही. लेखी आहे की!"

(तक्ता वाचल्यासारखे) मयूरपदी: कोंबडा. पिसारा अपुरा, परंतु आवाज अर्हतेपेक्षा अधिक. चकोरपदी: तांबडी कोंबडी, हंगामी. चितळपदी: शेजारच्यांचे ठिपक्यांचे बोकड, उसनवारीने, बकरी ईदनंतर ही जागा रिक्त. पोपट व मैना: दोन्ही कामे बोलण्याची असल्यामुळे त्यांवर मामींची संयुक्त नेमणूक. ही नेमणूक मामींनी त्याच रात्री, एक अवाक्षरही न उच्चारता, केवळ पान न वाढून, रद्द करून घेतली. मुंगूस: समस्त आस्थापनेत हे एकच पद खऱ्या उमेदवाराने भरले, कुक्करहळ्ळीच्या तळ्याकडून तो अर्जाविना आपण होऊन आला, रात्री रुजू झाला, आणि पहाटेपर्यंत चकोराची दोन पिल्ले खाऊन दीर्घ रजेवर गेला.

राहिले वानर.

(दीर्घ विराम. लगाम उचलून सावकाश स्वतःच्या गळ्यात घालतो.)

अतिरिक्त कार्यभार! आपले मूळ काम सांभाळून!

त्या तांबड्या कोंबडीविषयी मात्र मला आदर आहे. खुडूक झाली की २१ दिवस ती डालग्यात बसे. दाण्यापाण्याला क्षणभर उठे, परत येऊन चोचीने एकेक अंडे फिरवी आणि पुन्हा बसे. कचेरीत तीस-तीस वर्षे एका जागी बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली; त्यांच्याखालून कधी काही निघाल्याचे ऐकिवात नाही.

कुत्रा सुलतान. ग्रंथातल्या सात जागांत कुत्रा नाही, म्हणून तो बिनहुद्द्याचा, आणि बिनहुद्द्याचा म्हणूनच सर्वांत सुखी. तो मुधोळच्या घोरपडे सरकारांच्या शिकारी कुळातला आहे, असा मामांचा दावा. बाजारातले मटणवाले त्याच्या आईला निराळ्याच नात्याने ओळखत. माझ्या नव्या वहाणेचा अंगठा ज्याने खाल्ला त्याच्याविषयी निःपक्षपातीपणे बोलणे मला अशक्य आहे. तरी एक गोष्ट कबूल करतो. नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, गिळायचा असतो, चावायचा नसतो, हा शिष्टाचार त्या पंक्तीत दोघांनाच येत होता, मामांना आणि सुलतानाला. मी चावत असे. तेव्हा तिघेही, म्हणजे मामा, मामी आणि सुलतान, माझ्याकडे एकाच दृष्टीने पाहत.

तर आश्विनातली नवमी आली. त्या दिवशी घोड्यांचे नीराजन करावे, अशी कौटिल्याची आज्ञा. आणि म्हैसूरच्या राजवाड्यात आयुधपूजेला पट्टाचा हत्ती आणि पट्टाचा घोडा शृंगारून पूजेला उभे राहतात, हे तर आपण जाणताच. लष्कर मोहल्ल्याचा पट्टाचा घोडा म्हणजे हुच्चप्पा! दोनदा स्नान, गंध, शेवंतीच्या माळा. गोंबे, म्हणजे दसऱ्याच्या बाहुल्या, पाहायला आलेली प्रत्येक सुवासिनी त्यालाही ओवाळून गेली आणि प्रत्येकीने काही ना काही भरवले. केळी, होळिगे, ओंजळ ओंजळ हुरळी. घोडा नाही म्हणत नाही. त्याला भीड नसते, असे म्हणतात. मला वाटते, त्याला भीडच असते.

रात्री त्याने चंदीला तोंड लावले नाही. पुढच्या खुराने जमीन उकरू लागला, मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहू लागला, आणि धाडकन आडवा पडून लोळू लागला. एका पशुवैद्यांकडे निरोप धाडला, उत्तर आले, "सकाळी बघू." (प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेकडे) ते सद्गृहस्थ आज हयात असतील तर तिथे मागे बसले असतील. उशिरा येण्याची त्यांना सवय होती.

(आवाज खाली.) घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असा घट्ट स्नायू असतो की आत गेलेले त्या वाटेने परत फिरत नाही. पुढे सरकले तर घोडा जगतो. निरोग्याच्या कुशीला कान लावला तर आत अखंड गुडगुड चालू असते. मामांनी कान लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही. मग लगाम माझ्या हाती न देता स्वतःच धरला, आणि आम्ही चालू लागलो. रौप्यमहोत्सवी घड्याळाच्या बुरुजापाशी, राजवाड्याच्या मालवलेल्या दिव्यांपाशी, परत, पुन्हा. तो गुडघे मोडू लागला की मामा त्याच्या मानेला खांदा लावून उभे राहत. घामाने भिजलेली त्याची आयाळ ते आपल्या जरीच्या उपरण्याने पुशीत होते. ते उपरणे मामी कोणाला शिवू देत नसत. त्या रात्री मामांनी कौटिल्याचे नाव काढले नाही. सुलतान मागून येत होता. माझ्या उरलेल्या वहाणेकडे त्याने ढुंकून पाहिले नाही.

(एकदम मोठ्याने) विजयादशमीची पहाट! सय्याजीराव रस्ता झाडून, पाणी मारून, जंबू सवारीच्या मिरवणुकीसाठी दर्पणासारखा लख्ख केलेला. दोरखंड बांधलेले, पोलीस खडे. आणि त्या राजमार्गाच्या नेमक्या मध्यभागी हुच्चप्पा थांबला. शेपूट उचलली.

(टोपी काढून ताठ उभा राहतो.)

मामा सावधान उभे राहिले, मी उभा राहिलो. आणि त्याने जी लीद टाकली, मंडळी, ती एकामागून एक, अशी भरघोस, अशी कृतार्थ, की मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. "टाक, बाळा, टाक! बडोद्याच्या गायकवाडांच्या नावाचा रस्ता आहे, आपलाच आहे की!"

तेवढ्यात सायकलवरून पशुवैद्य अवतरले, लिदीकडे पाहून "उत्तम गुण आला" म्हणाले, आणि फी मागितली.

"फी?" मामांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "वैद्याच्या हयगयीनं रोग वाढला तर खर्चाच्या दुप्पट दंड वैद्याकडून वसूल. लेखी आहे की! काढा."

आणि दुसऱ्या बाजूने पोलीस हवालदार. "दुपारी इथून महाराजांचा हत्ती जाणार. हे उचलणार कोण?"

मामांनी डोळे पुसले, लिदीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि निखालस कचेरीच्या आवाजात म्हणाले, "अध्यक्ष, वानराला हजर करा."

(गळ्यातला लगाम काढतो, कोटाच्या बाह्या वर सारतो, खाली वाकतो. काळोख.)