आग धुऱ्याला, बंब ठरावात

आमचा भाचा मेलबर्नला असतो. मागच्या आठवड्यात त्यानं मोबाइलवर एक यादी पाठवली : 'मामा, वणव्याच्या हंगामासाठी घराची तयारी.' तिकडं ही यादी कोणी हसण्यावारी नेत नाही. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरिया राज्यात जे वणवे पेटले, त्यांत १७३ माणसं गेली. आम्हीही हसण्यावारी नेणार नव्हतो. नांदगाव पेठेत मेलबर्नची यादी राबवणारा पहिला माणूस म्हणून पेपरात फोटो आला असता, हा विचार मनात आलाच नाही असं नाही.

पहिलं कलम : गटर साफ ठेवा. मी लगेच अर्ज लिहायला घेतला. भाच्यानं फोनवर खुलासा केला की तिकडचं गटर छपराच्या कडेला असतं. त्यात वाळका पाला साचतो, त्यात उडती ठिणगी पडते आणि घर वरून पेटतं. आपलं गटर रस्त्याच्या कडेला. त्यात काय साचतं ते विचारू नये, पण ते पेटत नाही. अख्खा टेंभा टाकला तरी फुस्स होईल. एवढ्या एका बाबतीत आम्ही मेलबर्नच्या पुढं आहोत.

दुसरं कलम : भिंतीला लागून जळण्यासारखं काही ठेवू नका. मी चष्मा लावून परसात गेलो. मागच्या भिंतीला टेकून गेल्या हंगामाची पऱ्हाटी, छातीएवढी. तिला टेकून तुराट्या. तुराट्यांवर प्लास्टिकचा कागद, पावसात भिजू नयेत म्हणून. शेजारी कुटाराचा ढीग, त्याच्या वळचणीला गोवऱ्या, गोवऱ्यांवर ऊन खात पसरलेली मांजर. आणि या सगळ्याच्या मधोमध, सुरक्षित जागा म्हणून, गॅसचं भरलेलं सिलिंडर. घर पेटवायचं म्हणून मुद्दाम कोणी मांडामांड केली असती तरी इतकी नेटकी जमली नसती. कुठल्या तरी गावात गोठा पेटला, कडबा-कुटार खाक झालं, ही बातमी दर उन्हाळ्यात पेपरात असते. आपण ती वाचतो, च्‌च्‌ करतो आणि त्याच पेपरानं चूल पेटवतो.

तिसरं कलम : घराच्या चारी बाजूंना पोचेल एवढी लांब नळी ठेवा. नळी आहे. एप्रिल-मे महिन्यात तिच्यातून काय सोडायचं, ते कलमात दिलेलं नाही.

चौथं कलम : निघायचं की थांबायचं, हे घरच्यांनी आधीच बसून ठरवा. आम्ही बसलो. बायको म्हणाली, आधी कागदपत्रांची पेटी. सातबारा, राशन कार्ड, पीककर्जाचं पासबुक. ते जळालं तर बरंच आहे, असं पोरगं मधेच बोललं. म्हातारी एका कोपऱ्यात ऐकत होती. ती म्हणाली, "तुम्ही सारे पेटी घेऊन पयसान, मंग म्हशीचं दावं कोन सोडीन?"

मेलबर्नच्या यादीत हे नव्हतं. गोठ्याला आग लागते तेव्हा जनावरं मरतात ती बांधलेली असतात म्हणून. दाव्याची गाठ एका झटक्यात सुटेल अशी मारावी, किंवा विळा दाराशीच अडकवून ठेवावा. हे कलम आम्ही आमच्याकडून जोडलं. भाच्याला कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

एवढं झाल्यावर मला धोक्याची श्रेणीही हवीशी वाटली. ऑस्ट्रेलियानं २०२२ पासून धोक्याच्या चार पायऱ्या केल्यात, आणि शेवटच्या पायरीला सांगतात की बाबांनो, निघा. अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की आपल्याकडं काय सांगतात? कांदा खिशात ठेवा.

आमच्या भागातली श्रेणी मात्र काकाजींवरून कळते. शेजारचे काकाजी फाल्गुन सरला की धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवतात. काकाजींच्या खिशात माचीस दिसली की धोका मध्यम. दुपारी बाराला, वारा सुटलेला असताना दिसली की शेवटची पायरी. परवा मी धुऱ्यावर गाठलंच त्यांना.

"काकाजी, वारं पाहिलं का?"

"वारा काय इचारून येते? इस्तो लावला का धुरा कसा सफा होते पाय."

झाला. धुरा साफ झाला, पलीकडच्याच्या ठिबकच्या नळ्या साफ झाल्या, संत्र्याची दोन झाडं एका अंगानं भाजली. काळ्या शेवयांसारख्या वितळलेल्या नळ्या उचलून काकाजी म्हणाले, "आजकाल मालच हलका येते." मग सावलीत बसून, विडी पेटवून, त्यांनी मला मेळघाटातले आदिवासी जंगल कसं जाळतात यावर अर्धा तास सांगितलं.

वणव्याचं हे एक बरं असतं. तो नेहमी दुसऱ्यानं लावलेला असतो. साहेब सांगतात मोहफूलवाल्यांनी लावला, मोहफूलवाले सांगतात तेंदूवाल्यांनी, तेंदूवाले सांगतात सहलीवाल्यांनी सिगारेट टाकली. यात खरं बरंच आहे. मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पाला असेल तर दिसत नाही, म्हणून पाला जाळतात आणि काळ्या राखेवरून वेचतात. तेंदूला आगीनंतर कोवळी पालवी फुटते, म्हणून ठिणगी. झाडाखाली जाळी अंथरली तर काडी ओढावी लागत नाही, पण जाळीला पैसे पडतात आणि माचीस चिल्लरीत मिळते.

शिवाय आपला वणवा ऑस्ट्रेलियातल्यासारखा शेंड्यावर चढून गर्जत नाही. तो जमिनीलगत सरपटतो. मोठा साग काळवंडतो आणि पावसाळ्यात पुन्हा हिरवा होतो, म्हणून लोक म्हणतात, काय झालं? झालं ते वीतभर रोपट्यांचं आणि तित्तराच्या अंड्यांचं. ती पंचनाम्यात येत नाहीत.

तयारी सरकारचीही असते, नाही असं नाही. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. तो लागण्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे जंगलात पट्टे आखून त्यांवरचं गवत-पाला आपणच जाळून टाकायचा, की पुढं आग आली तर तिला खायला काही उरू नये. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आग हुडकतं. आठशे किलोमीटर वरून तो उपग्रह ३७५ मीटरच्या चौकटीतली आग ओळखतो आणि संदेश थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. वनरक्षक मेळघाटात असेल तर त्यानं तो संदेश वाचायला रेंज मिळेल अशा टेकडीवर चढायचं. टेकडीवर चढलं की आग तशीही दिसते.

विझवायला जातो तो अंगारी. हंगामापुरता रोजंदारीचा माणूस, हातात हिरवी फांदी, नशीब असेल तर पाला उडवायचा ब्लोअर. ८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्याच्या आगीत असे तीन मजूर जळून गेले. याच्यावर मला विनोद सुचत नाही.

कायदा मात्र खुमासदार आहे. १९२७ च्या वन अधिनियमाचं कलम ७९ म्हणतं की राखीव जंगलात ज्याला हक्क-सवलत आहे, त्यानं आगीची वर्दी द्यायची आणि ती विझवायलाही जायचं. म्हणजे हुकूम जुनाच आहे. फक्त इतकी वर्षं लोकांना असं सांगितलं की जंगल तुमचं नाही, आणि वर विचारायचं की विझवायला का आला नाहीत. उलटा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातल्या पायविहिरीत झाला. २०१२ मध्ये ग्रामसभेला १९३ हेक्टरचा सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं जंगल राखायला घेतलं, सीताफळं थेट मुंबईला विकली. ज्याची सीताफळं मुंबईला जातात तो काडी ओढण्याआधी वारं बघतो. पण यात उद्‌घाटनाला वाव कमी.

उद्‌घाटन मी पाहिलंय, म्हणून बोलतो. एका कार्यालयात (कोणत्या ते जाऊ द्या) 'वणवामुक्ती' कार्यशाळेचं बोलावणं आलं, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर पोहरा-मालखेडच्या टेकड्यांवर जळायचं ते जळून चुकलं होतं, त्यामुळं वातावरण मोकळं होतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. ठराव एकमतानं मंजूर. जेवण झकास. जेवणानंतर कागदी पत्रावळी आणि द्रोण मागच्या आवारात नेऊन पेटवून देण्यात आले, आणि तिथून ठिणगी कुंपणापलीकडच्या वाळक्या गवतात गेली. अग्निसुरक्षेवर बोललेले वक्ते स्वतः चप्पल घेऊन धावले. त्या दिवशीचं तेवढं एक प्रात्यक्षिक झालं.

तेव्हा म्हटलं, जग सुधारेल तेव्हा सुधारेल, आपण दुसरं कलम तरी पुरं करू. रविवारी पोराला आणि दोन मजुरांना लावून परस रिकामं केलं. पऱ्हाटी, तुराट्या, कुजकं कुटार, सगळं बैलगाडीत भरून घरापासून लांब, शेताच्या धुऱ्यावर नेऊन रचलं. भिंत उघडी झाली. मांजर रुसली. मी भाच्याला फोटो पाठवला.

संध्याकाळी काकाजी आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "लय बेस केलं मास्तर. यंदा धुऱ्यावर गवतच नव्हतं, इस्तो धरत नव्हता."