फुल फंडेड

पुण्यात एमएस्सी फिजिक्सच्या वर्गात हा एक असतोच. दाढी ठेवलेली नसते, राहिलेली असते. सॅकमध्ये पेस्किन-श्रोडरचं जाडजूड पुस्तक; पहिली शंभर पानं मळकी, पुढची कोरी करकरीत. एमएस्सी अर्धी झालेली असतानाच त्याला परदेशात दुसरं मास्टर्स करायचंय, थिअरेटिकल फिजिक्समध्ये. "मग सध्या चाललंय ते काय?" असं आत्या विचारते. तो उत्तर देत नाही.

अट एकच : फुल फंडेड.

याबाबतीत त्याला विचारावं. अमेरिकेत पैसे पीएचडीवाल्यांना, मास्टर्सला बहुतेक खिसा आपलाच. म्युनिकला एलएमयू विद्यापीठात शिकवणीची फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवून दाखवा. वडिलांचा पीएफ तेवढा नाही. इटलीत त्रिएस्तेला अब्दुस सलाम यांनी 1964 मध्ये काढलेली आयसीटीपी आहे. विकसनशील देशांतल्या मुलांना तिथे वर्षभर स्टायपेंड देऊन शिकवतात. पण हातात पडतो डिप्लोमा, आणि वडिलांच्या मते डिप्लोमा पॉलिटेक्निकमध्ये करतात. राहता राहिलं कॅनडातलं वॉटर्लू. तिथल्या पेरिमीटर इन्स्टिट्यूटचं नाव तो वारकऱ्यानं पंढरपूर म्हणावं तसं घेतो. ब्लॅकबेरीवाल्या माइक लाझारिडिस यांच्या देणगीतून उभी राहिलेली संस्था. दहा महिन्यांत वॉटर्लू विद्यापीठाची पदवी, फी नाही, वर राहण्याखाण्याचा खर्च. आणि जिकडेतिकडे काळे फळे!

खरं तर थिअरेटिकल फिजिक्सएवढं स्वस्त शास्त्र दुसरं नाही. यंत्र नको, प्रयोगशाळा नको. खडू असला की झालं. अडचण एवढीच की शास्त्रज्ञ जेवतो.

आणि हिशेब त्याला येत नाही. प्रकाशाचा वेग एक, प्लांकचा स्थिरांक एक, असं मानून गणित सोडवायची सवय. मेसच्या काकूंनी मात्र मागची थकबाकी आणि चालू महिना मिळून एक मानायला साफ नकार दिला.

अर्जासोबतच्या निबंधात तो लिहितो, की लहानपणी गच्चीवर झोपून तारे बघताना विश्वाचं कोडं पडलं. कोथरूडच्या त्या गच्चीला सोसायटीच्या सेक्रेटरींनी कायम कुलूप घातलेलं होतं. शिफारसपत्राचं सर म्हणाले, "तूच लिहून आण." रात्रभर जागून त्यानं 'वर्गातला सर्वोत्तम' खोडून 'सर्वोत्तमांपैकी एक' केलं. सरांनी न वाचताच सही ठोकली.

"एवढं शिकून बनवणार काय?" मामा विचारतात.

"काही नाही," तो अभिमानानं सांगतो.

असा कुणी तुमच्या घरात असेल तर निकालाचं विचारू नका, लागला की तो स्वतःच ओरडेल. आणि लाइट बिल भरायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.